मोजा गिळला कुत्र्याने, तार गिळली गाईने

"पशुविमा आणि ऑपरेशन? इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात?" लेखाचा विषय सांगितला तेव्हा संपादक मंडळाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी व्हायव्हाला बसून सिलॅबसबाहेरचं उत्तर दिलं होतं. पण मित्रहो, शेवटपर्यंत वाचा. यात प्रोबॅबिलिटी आहे, मॅग्नेटिझम आहे, थोडंसं मॅन्युफॅक्चरिंगही आहे. शिवाय आमची चंद्री आहे.

झालं असं. मागच्या वर्षी जूनमध्ये, सबमिशनच्या ऐन धामधुमीत, एकाच आठवड्यात दोन पोटांची ऑपरेशन्स झाली. एक कोथरूडमध्ये. माझ्या प्रॅक्टिकलच्या बॅचमधल्या मित्राच्या लॅब्रॅडॉरने क्रिकेटचा आख्खा मोजा गिळला होता. दुसरं आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या अलीकडे, आमच्या गोठ्यात. आमच्या गाईने तार गिळली होती. दोघांचाही विमा होता. कुत्र्याच्या ऑपरेशनचे पैसे विम्यातून मिळाले. गाईच्या ऑपरेशनचा एक रुपयाही मिळाला नाही. मला आधी वाटलं की हा सरळसरळ अन्याय आहे. मग दोन्ही पॉलिसी मागवून वाचल्या (सबमिशन राहिलं, एक केटी लागली, तो भाग वेगळा) आणि लक्षात आलं की गोष्ट अन्यायापेक्षा जास्त गुंतागुंतीची आहे.

आधी तार गाईच्या पोटात गेली कशी ते सांगतो. नारायणगावचा टोमॅटो सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्नर-आंबेगावात टोमॅटोचं पीक जमिनीवर लोळवत नाहीत, बांबू रोवून, तार आणि सुतळी ओढून त्यावर चढवतात. हंगाम संपला की बांबू काढून ठेवतात, तार गुंडाळतात, पण तुटलेले तुकडे बांधावर पडतातच. त्याच बांधावरचं गवत कापून कडबाकुट्टीत जातं. कडबाकुट्टीची पाती चाऱ्याबरोबर तारेचेही दोन-दोन इंचांचे सुबक तुकडे करतात. टोकं तिरकी आणि धारदार. साधारण इंजेक्शनच्या सुईच्या टोकासारखी.

गाय चारा चावून खात नाही. आधी गिळते, रवंथ नंतर. त्यामुळे माणसाच्या जिभेला जे खटकेल ते तिला कळतच नाही. तार पहिल्या मोठ्या कप्प्यात, म्हणजे रुमेनमध्ये पडते आणि जड असल्यामुळे पुढच्या जाळीसारख्या कप्प्यात, रेटिक्युलममध्ये, जाऊन बसते. हा कप्पा मधमाशीच्या पोळ्यासारखा असतो. एकदा त्यात वस्तू अडकली की बाहेर पडत नाही. आता डिझाइनमधली गंमत बघा. या कप्प्याच्या लगेच पुढे श्वासपटल आणि त्याच्या पलीकडे काही सेंटिमीटरवर हृदय. कप्पा मिनिटाला साधारण एकदा आकुंचन पावतो. प्रत्येक आकुंचनात तार थोडी पुढे. लोड छोटा, पण रिपीटेड. फटीगच्या लेक्चरला झोपलेल्यांनी इथे जागं व्हावं.

चंद्री सकाळी चौदा लिटर एकदम देणारी गाय नव्हे, दोन्ही वेळचं मिळून चौदा. एका दिवसात सहावर आली. पाठ कमानीसारखी उचललेली, पुढच्या पायांचे कोपर बाहेर फाकलेले, रवंथ बंद. दादांना (म्हणजे माझे वडील) वाटलं, पोट फुगलं असेल. आजी म्हणाली, "आरं, तिला आधी वड्याच्या उतारावर घेऊन जा बरं." चंद्री चढ चढली, पण उतरायला तयार होईना. उतारावर पोटातला सगळा भार पुढे सरकतो आणि तार टोचते. आजीने ही चाचणी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती, पण डॉक्टर आले त्यांनीही आधी हेच विचारलं. मग त्यांनी पाठीवर जोरात चिमटा काढला. निरोगी गाय अशा वेळी पाठ खाली वाकवते, चंद्रीने वाकवली नाही, फक्त कण्हली. छातीखाली दांडकं घालून दोघांनी उचलून पाहिलं, परत कण्हली. डॉक्टर म्हणाले, "तार हाये. उघडावं लागंल."

आता दादांचा पहिला प्रश्न : "विमा हाय ना आपला?"

होता. कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडी नंबर, आणि कपाटात पॉलिसीचा कागद. नानांनी, माझ्या चुलत्यांनी, कागद उघडला आणि ओरडलेच, "हे बघ, लिव्हलंय! शस्त्रक्रिया!" खरंच लिहिलं होतं. काय काय कव्हर आहे त्या यादीत आग, वीज, पूर, वादळ, भूकंप, रोग आणि त्यांच्याच रांगेत शस्त्रक्रिया. सगळ्यांना हायसं वाटलं. एजंटला फोन लावला. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "दादा, वरची ओळ वाचा की. 'खालील कारणांमुळे झालेला मृत्यू'. ऑपरेशन करताना गाय गेली तर पैसे मिळतील. वाचली तर न्हाई."

या एका ओळीत सगळा विषय आहे. आपल्याकडचा पशुविमा हा आरोग्य विमा नाहीच. तो मालमत्तेचा विमा आहे. विम्याच्या दृष्टीने चंद्री म्हणजे दूध देणारं एक मशीन. मशीन नष्ट झालं तर ठरलेली किंमत मिळेल. मशीनचा मेंटेनन्स तुमचा. थोडे जास्त पैसे भरून 'कायमचं संपूर्ण अपंगत्व' हे कलम जोडता येतं. म्हणजे दुभती गाय कायमची आटली किंवा पुन्हा गाभण राहण्याच्या कामातून गेली, बैल कामाला कायमचा निकामी झाला, तर साधारणपणे विमा रकमेच्या ७५ टक्के मिळतात. मृत्यूला पूर्ण, अपंगत्वाला पाऊण, आणि बरं होण्याला शून्य.

हे असं का, याचं उत्तर इतिहासात आहे. गाईचा विमा मुख्यतः कर्जाच्या पाठोपाठ खेड्यात आला. बँकेने गाईसाठी पैसे दिले, गाय मेली तर कर्ज कोण फेडणार, म्हणून विमा. बँकेला गाईच्या पोटदुखीशी देणंघेणं नव्हतं. पुढे केंद्र सरकारने २००५-०६ मध्ये निवडक १०० जिल्ह्यांत पशुधन विमा योजना प्रायोगिक म्हणून सुरू केली, त्यात हप्त्याचा निम्मा भार सरकारने उचलला. नंतर ती राष्ट्रीय पशुधन अभियानात गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पशुपालकाचा वाटा हप्त्याच्या १५ टक्क्यांवर आणायचा निर्णय घेतला. समजा गाय ८०,००० ची आणि वर्षाचा हप्ता ३ टक्के, तर हप्ता २,४०० आणि त्यातले आपले फक्त ३६०. याहून स्वस्त काय असणार? योजना वाढली, सबसिडी वाढली, पण मुळातला साचा तोच राहिला : मृत्यू झाला तर.

आता कोथरूडकडे येऊ. तिकडचा साचा वेगळा. स्वीडनमध्ये आधी घोड्या-गुरांचे विमे होते आणि १९२४ साली तिथे पहिल्या कुत्र्याचा विमा उतरवला गेला. अमेरिकेत १९८२ मध्ये पाळीव प्राण्यांच्या विम्याची पहिली पॉलिसी निघाली ती टीव्हीवरच्या 'लॅसी' कुत्रीच्या नावाने. आपल्याकडे सरकारी कंपन्यांचे श्वानविमे बरेच जुने आहेत, पण ऑपरेशन आणि हॉस्पिटलचा खर्च हा मुख्य मुद्दा धरलेली पॉलिसी अलीकडची. पुण्यातच मुख्यालय असलेल्या बजाज अलियान्झने २०२० मध्ये अशी पॉलिसी आणली, मग इतर कंपन्याही आल्या.

या पॉलिसी माणसाच्या मेडिक्लेमसारख्या चालतात. कुत्रा मेला की नाही हा प्रश्न नाही, बिल किती झालं हा प्रश्न. मित्राच्या केसमधला हिशेब त्याच्या परवानगीने देतो. एकूण बिल ४६,०००. एक्स-रे, भूल, ऑपरेशन, दोन रात्री ॲडमिट, औषधं. त्यातले १,५०० वजा, कारण गळ्यातलं ते लॅम्पशेडसारखं टोपलं आणि खास आहार पॉलिसीत बसत नव्हता. राहिले ४४,५००. त्यातले १० टक्के मालकाने भरायचे, याला को-पे म्हणतात. उरले ४०,०५०. पण शस्त्रक्रियेची मर्यादा ४०,००० ची, म्हणून हातात आले ४०,०००. म्हणजे घरचे ६,००० गेले. सगळ्या कंपन्यांचे नियम असेच असतात असं नाही. कुठे को-पेऐवजी पहिली ठराविक रक्कम मालकाने सोसायची असते, कुठे प्रत्येक आजाराला वेगळी मर्यादा, आणि आधी को-पे कापायचा की आधी मर्यादा लावायची यानेही उत्तर बदलतं. मर्यादा आधी लावली असती तर मित्राला ३६,००० च मिळाले असते. पॉलिसी घेताना हा क्रम कोणीच विचारत नाही. आपण तरी विचारावा, ब्रॅकेट आधी सोडवायचं हे सातवीतच शिकलोय.

आणखी दोन गोष्टी. पॉलिसी घेतल्यावर सुरुवातीचे काही दिवस आजार कव्हर होत नाहीत, म्हणजे कुत्रं आजारी पडल्यावर पळत जाऊन विमा काढता येत नाही. आधीपासून असलेलं दुखणंही वगळतात. आणि लसीकरणाचं कार्ड अपडेट नसेल तर क्लेम अडकण्याची दाट शक्यता. मित्राच्या आईने ते कार्ड रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलं होतं, त्यामुळे निभावलं.

तर मुद्दा असा की कुत्र्याचा विमा खर्चाचा आहे आणि गाईचा विमा किमतीचा. कुत्र्याची बाजारात किंमत काय याला मालकाच्या लेखी अर्थ नसतो. मोजा गिळलेल्या लॅब्रॅडॉरला कोणी 'रिप्लेस' करत नाही. गाईला मात्र किंमत असते, आणि किमतीपेक्षा दुरुस्तीचा खर्च जास्त झाला की गाडीसारखी ती 'टोटल लॉस' ठरते. हे लिहिताना मला कसंतरीच होतं, कारण आजी चंद्रीला पोळी दिल्याशिवाय जेवत नाही. पण गोठ्यातही हा हिशेब होतोच. त्या रात्री आमच्या ओट्यावर तोच चालला होता.

तो हिशेब आता आपल्या भाषेत मांडतो. आकडे माझे, समजुतीसाठी धरलेले आहेत, कुठल्या सर्व्हेतले नाहीत. गाय ८०,००० ची, विमाही तेवढ्याचा. ऑपरेशनला ११,५०० (हे मात्र आमचे खरे). ऑपरेशन केलं तर वाचण्याची शक्यता ८० टक्के. नाही केलं तर मरण्याची शक्यता ९० टक्के, आणि उरलेल्या १० टक्क्यांत गाय जगते पण खंगलेली, किंमत २५,०००.

ऑपरेशन केलं तर? वाचली तर ८०,००० ची गाय, मेली तर ८०,००० चा विमा. दोन्हीकडे ८०,०००, वजा ११,५००. हातात ६८,५००. नाही केलं तर? ८०,००० चे ९० टक्के ७२,००० अधिक २५,००० चे १० टक्के २,५००. एकूण ७४,५००. म्हणजे कागदावर, ऑपरेशन न करणं ६,००० रुपयांनी फायद्याचं! विमा नसता तर हाच हिशेब उलटा झाला असता. ऑपरेशन केल्यावर ८०,००० चे ८० टक्के वजा ११,५००, म्हणजे ५२,५००. न केल्यास फक्त २,५००. विमा नसलेला शेतकरी डोळे झाकून ऑपरेशन करेल आणि विमा असलेल्याला विचार करावा लागेल. जी गोष्ट जनावर वाचावं म्हणून काढली, ती अशा वेळी त्याच्या मरणाच्या बाजूला पासंग टाकते.

आता टेबलाच्या पलीकडे, विमा कंपनीच्या खुर्चीत बसा. ऑपरेशन झालं नाही तर कंपनीचा अपेक्षित खर्च ७२,०००. झालं तर ८०,००० चे २० टक्के, म्हणजे १६,०००. कंपनीने स्वतःच्या खिशातून ११,५०० दिले असते तरी तिचे ४४,५०० वाचतात. मग देत का नाही?

मी हा प्रश्न एका ओळखीच्या विमा सर्व्हेअरना विचारला. ते हसले. म्हणाले, "तुझं गणित एका गाईचं आहे. माझ्यासमोर शंभर आहेत आणि त्यातली कुठली खरंच मरणार होती हे मला कळत नाही." बरोबर आहे. ऑपरेशनचे पैसे मिळतात म्हटल्यावर ज्या गाई तशाही जगल्या असत्या त्यांचीही बिलं येणार. शिवाय बिल कसलं? शहरात दवाखान्याचं कॉम्प्युटरवर छापलेलं, बाबवार बिल निघतं. आमच्याकडे डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात ऑपरेशन केलं आणि औषधांची नावं कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून दिली. हे खरं की खोटं तपासायला माणूस पाठवायचा तर त्याचाच खर्च दोन-तीन हजार. हप्ता २,४००.

तरीही माझं मत विचाराल तर हे न जमण्यासारखं नाही. शंभर गाईंमागे वर्षाला दोन ऑपरेशन्स धरा, २३,००० रुपये, म्हणजे गाईमागे २३०. बिल्ल्याचा बारा आकडी नंबर आहेच, ऑपरेशन आधीचा आणि टाके घातल्यानंतरचा फोटो मोबाईलवर निघतो, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असतो. शिवाय खर्च वाटून घेण्याचा नमुना आपल्या देशात आहेच, फक्त त्याला विमा म्हणत नाहीत. आणंदच्या दूध संघाने गावोगाव फिरणारी पशुवैद्यकीय पथकं आणि ठराविक शुल्कात तातडीची भेट अशी व्यवस्था कैक वर्षांपूर्वी उभी केली. लिटरमागे सगळ्यांचं थोडं जातं, अडलेल्याची गाय तपासली जाते. महाराष्ट्रातही आता १९६२ नंबर फिरवला की फिरता दवाखाना येण्याची सोय आहे, आणि सरकारी दवाखान्यात शुल्क नाममात्र असतं. मोठं ऑपरेशन असेल तर पुण्याला औंधचं पशू-सर्वचिकित्सालय, नाहीतर साताऱ्यातल्या शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. पण तार टोचत असलेल्या गाईला टेम्पोत घालून घाटरस्त्याने न्यायचं म्हणजे काय, याचा विचार करा. म्हणून लोक खाजगी डॉक्टर गोठ्यात बोलावतात आणि ११,५०० मोजतात.

आमच्या भागातली एक विचित्र गंमत इथे सांगायलाच हवी. जुन्नर-आंबेगाव म्हणजे बिबट्यांचं राज्य. उसात जन्मणारे, उसातच वाढणारे. माणिकडोहला तर त्यांचं निवारा केंद्रच आहे. बिबट्याने जनावर मारलं तर वनखातं भरपाई देतं, आणि जनावर नुसतं जखमी झालं तरी उपचाराच्या खर्चापोटी ठराविक मर्यादेपर्यंत पैसे मिळतात. म्हणजे चंद्रीला बिबट्याने पंजा मारला असता तर औषधपाण्याला काहीतरी हाती आलं असतं, तारेने आतून पंजा मारला म्हणून काहीच नाही. नाना म्हणाले, "पुढच्या येळी तार नगं, वाघच बरा."

शर्यतीच्या बैलांचंही असंच. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परत परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून घाट पुन्हा गजबजलेत आणि खिलारांच्या किमती लाखांत बोलल्या जातात. पण पॉलिसीत बैलाचा उपयोग 'शेतीकाम' लिहिला असेल आणि पाय घाटात मोडला, तर क्लेम विसरा. ज्या कामासाठी विमा उतरवला त्याखेरीज दुसऱ्या कामाला जनावर लावलं तर जबाबदारी नाही, असं कलम बहुतेक पॉलिसींत असतं. त्याच यादीत हयगय आणि अडाणी उपचार हेही आहेत. म्हणजे मघाचं ६,००० च्या फायद्याचं गणित करून कोणी गाय तशीच मरू दिली आणि ते सिद्ध झालं, तर विमाही बुडाला. उपचार करणं तुमच्यावर बंधनकारक, खर्चही तुमचाच! आणि हो, बिल्ला कानातून पडला असेल तर वेळीच कळवून नवा मारून घ्या. बिल्ला नाही तर क्लेम नाही, यात कुणाची दयामाया चालत नाही.

तर त्या रात्री ओट्यावर नानांनी हिशेब मांडला (माझ्यासारखा टक्क्यांत नाही, पण आशय तोच). दादा गप्प होते. आजी म्हणाली, "इम्याचं पैसं काय दूध देत्यात व्हय?" आणि उठून गरम पाणी ठेवायला गेली. चर्चा तिथेच संपली.

ऑपरेशन गाय उभी असतानाच करतात. डाव्या भकाळीत सुन्न करणारी इंजेक्शनं, केस भादरले, वीतभर चीर. डॉक्टरांनी रुमेन बाहेर ओढून कातडीला पक्का केला म्हणजे आतलं काही पोटात सांडू नये, मग तो उघडून घमेलंभर चारा उपसला आणि खांद्यापर्यंत हात आत घालून पुढच्या कप्प्यात चाचपलं. मी बॅटरी धरून होतो. चंद्री मधेच एकदा कान हलवून मागे बघायची, बाकी शांत. वीसेक मिनिटांनी डॉक्टरांचा हात बाहेर आला, दोन बोटांत तार. सोबत एक चूक आणि कसलासा वॉशर.

टाके घालण्याआधी त्यांनी आत एक चुंबक सोडला. बोटाएवढा, गुळगुळीत, दोन-अडीच इंचांचा. तो जाळीच्या कप्प्यात जन्मभर बसून राहतो आणि पुढे गिळलेली तार भिंतीत घुसण्याआधी आपल्याला चिकटवून घेतो. हा चुंबक ऑपरेशनविनाही देता येतो, नळीतून घशात सोडला की झालं. किंमत ऑपरेशनच्या मानाने किरकोळ. हे आधी माहीत असतं तर, असं दादा दोनदा म्हणाले. आता गोठ्यातल्या दुसऱ्या दोन्ही गाईंना दिलाय.

औषधं चालू होती तेव्हा आणि नंतरही काही दिवस, एकूण नऊ दिवस दूध डेअरीला घातलं नाही, कारण त्यात अँटिबायोटिक उतरतं. तेही नुकसान कुठल्याच पॉलिसीत बसत नाही. चंद्री आता अकरा लिटरवर आहे. चौदा काही परत झाली नाही.

दिवाळीला घरी जाताना कॉलेजच्या लॅबमधून होकायंत्र मागून नेलं. चंद्रीच्या डाव्या कोपराच्या मागे, छातीखाली धरलं. उत्तर-दक्षिण सोडून सुई गर्रकन फिरली आणि तिच्या पोटाकडे बोट दाखवून थांबली. आजीला वाटलं मी काहीतरी जादू करतोय, तिने शेजारच्या दोघींना बोलावून आणलं आणि मला तीन वेळा करून दाखवावं लागलं. ती तार आजीने गोठ्याच्या कोनाड्यात ठेवली आहे. मी व्हर्निअरने मोजली : व्यास २ मिलिमीटर, लांबी साडेसहा सेंटिमीटर, एका टोकाला साधारण तीस अंशांचा काप.